एमबीए : नाव बघायचं की मान्यता?

सातपूरची शिफ्ट संपवून फोनवर ऑनलाइन एमबीएच्या जाहिराती बघताय ना? ईएमआय नंतर बघा, आधी यूजीसीच्या डीईबी वेबसाइटवर जा. मान्यता विद्यापीठाला मिळते, अ‍ॅपला नाही. तीही कोणता कोर्स, कोणतं सत्र, ते बघून. आपलं गोवर्धनचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९चं. ‘मुक्त’ म्हटलं की काही जण नाक मुरडतात. पण यूजीसीने २०२२मध्येच सांगितलंय, मान्यताप्राप्त संस्थेची दूरस्थ किंवा ऑनलाइन पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची. खासगी कंपनीत मात्र कॉलेजचं नाव विचारतातच. म्हणून फी भरायच्या आधी आपल्याच एचआरला विचारा, ही पदवी प्रमोशनला धरणार का? आणि उत्तर मेलवर घ्या, कँटीनमधल्या गप्पांवर जाऊ नका.