आणीबाणीची कळ कोणाच्या हाती?

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत सरोजिनी नगर येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावरून साहित्य, संगीत किंवा इतिहास यांविषयी बोलावे असा आपल्याकडील प्रघात आहे. तो मोडून आम्ही आज संगणकाच्या कळफलकावरील एका उपेक्षित कळीविषयी बोलणार आहोत. विषय रूक्ष वाटेल. परंतु पन्नास वर्षांची सभासद-नोंदवही, ग्रंथालयाची सूची, जुन्या स्मरणिका आणि जमाखर्च हे सारे आता आपण संगणकावर आणले आहे. सरोजिनी नगर, नेताजी नगर, नौरोजी नगर या वसाहतींच्या पुनर्विकासाला २०१६ साली मंजुरी मिळाली, अनेक जुनी क्वार्टर्स जमीनदोस्त झाली आणि ज्या अंगणांत आपले हळदीकुंकू होत असे ती अंगणेही गेली. सभासद नोएडा, द्वारका, गुडगाव असे पांगले. अशा वेळी मंडळाची स्मृती ज्या यंत्रात साठवली आहे, ते यंत्र अडले तर काय करावे हा प्रश्न केवळ तंत्रज्ञांचा राहत नाही. तो आपल्या सर्वांचा होतो.

आपल्या कार्यालयातील संगणक लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमवर चालतो. हे नाव आता परके राहिलेले नाही. प्रगत संगणन विकास केंद्राने, म्हणजे सी-डॅकने, २००७ साली ‘बॉस’ नावाची भारतीय भाषांना सोयीची लिनक्सप्रणाली प्रसिद्ध केली. तिचा पाया डेबियन या प्रणालीचा. २०१५ साली केंद्र सरकारने मुक्तस्रोत आज्ञावलींचा स्वीकार करण्याविषयीचे धोरण जाहीर केले. आपल्यापैकी अनेकांचे आयुष्य सरकारी कचेऱ्यांत गेले असल्याने या प्रणालीशी त्यांची थोडीबहुत ओळख असेलच.

या प्रणालीच्या अंतर्भागात ‘कर्नल’ नावाचा गाभा असतो. हे सैन्यातील कर्नलसाहेब नव्हेत; मात्र अधिकार त्यांच्याहून अधिक. स्मृती कोणाला किती द्यायची, चकतीवर कोणी केव्हा लिहायचे, कळफलकावरून आलेला संदेश कोणाकडे पोचवायचा, हे सर्व हा गाभा ठरवतो. पुष्कळदा असे होते की पडदा गोठतो, माऊस हलत नाही, कोणतीही खिडकी दाद देत नाही. पण आत गाभा जिवंत असतो. घरातील माणसे बेशुद्ध पडली आहेत आणि वाड्याचा दिवाणजी मात्र शुद्धीवर आहे, अशी ती अवस्था. त्या दिवाणजीशी थेट बोलण्याची जी सोय आहे तिला ‘मॅजिक सिसआरक्यू’ म्हणतात.

सिसआरक्यू म्हणजे सिस्टीम रिक्वेस्ट, प्रणालीला विनंती. आयबीएम कंपनीने १९८४ साली आपल्या ‘पीसी एटी’ या संगणकाच्या कळफलकावर ही कळ दिली. पुढे ती प्रिंट-स्क्रीनच्या कळीत सामावली आणि बहुतेकांच्या विस्मरणात गेली. लिनक्सच्या कर्त्यांनी तिला नवे काम दिले. ऑल्ट आणि ही कळ दाबून धरावी व एखादे अक्षर दाबावे, की ती आज्ञा मधल्या सर्व कारभाऱ्यांना ओलांडून थेट गाभ्याकडे जाते. आपल्यापैकी जे इनस्क्रिप्ट पद्धतीने मराठी टंकलेखन करतात त्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: गाभा येथे कळीची जागा पाहतो, तिच्यावरून उमटणारे अक्षर नव्हे. ज्या कळीतून आपण ‘व’ उमटवतो तीच येथे ‘बी’ आणि ज्या कळीतून ‘ह’ उमटवतो तीच ‘यू’.

अडलेले यंत्र सावरण्याचा रूढ क्रम असा: आर, ई, आय, एस, यू, बी. ‘आर’ने गोठलेल्या चित्रप्रणालीच्या ताब्यातून कळफलक परत घेतला जातो. ‘ई’ने चालू असलेल्या सर्व आज्ञावलींना आवरते घेण्याची सूचना जाते. ‘आय’ने ज्यांनी ऐकले नाही त्यांना सक्तीने थांबवले जाते. ‘एस’ने स्मृतीत खोळंबलेले लेखन चकतीवर उतरते. ‘यू’ने चकत्या केवळ वाचनापुरत्या खुल्या राहतात, आणि ‘बी’ने यंत्र नव्याने सुरू होते. प्रत्येक पायरीनंतर काही क्षण थांबावे. घाईने साऱ्या कळा एकामागून एक बडवल्या तर मागचे काम पुरे होण्याआधीच पुढचे सुरू होते. पहिल्या पाच पायऱ्या गाळून एकदम ‘बी’ दाबणे म्हणजे भिंतीतील प्लग उपटण्यासारखेच आहे. न उतरलेले लेखन त्यात नष्ट होते.

येथे भ्रमही नको. जे लेखन आज्ञावलीने गाभ्याच्या स्वाधीन केलेच नाही, ते ‘एस’ वाचवू शकत नाही. अर्धे टंकित केलेले पत्र जतन केले नसेल तर ते गेलेच. शिवाय गाभा स्वतःच मूर्च्छित झाला असेल, तर ही कळही निरुपयोगी ठरते.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. इतकी समर्थ कळ कोणालाही दाबता यावी काय? दिल्लीकराने ‘आणीबाणी’ हा शब्द ऐकला की त्याला १९७५ आठवते, आणि असाधारण अधिकारांना मर्यादा कोणी घालावी हा प्रश्न त्यामागोमाग येतो. झेलम एक्सप्रेसने पुण्याला जाताना डब्यातील साखळी आपण सर्वांनी पाहिली आहे. ती प्रत्येकाच्या हाताला येईल अशीच लावलेली असते. आणि १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या १४१ व्या कलमान्वये सबळ कारणावाचून ती ओढणाऱ्यास एक वर्षापर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. कायद्याने साखळी काढून टाकली नाही, बेबंदही सोडली नाही. आपल्या सरोजिनी नगरच्या बाजारानेही हाच धडा फार मोठी किंमत मोजून घेतला. २९ ऑक्टोबर २००५ रोजी, दिवाळी तोंडावर असताना, येथे आणि शहरात अन्यत्र बॉम्बस्फोट झाले. अशा बाजाराच्या दारावर येणाऱ्याची झडती हवी. पण तेच दार संकटसमयी गर्दीला बाहेर पडता येईल इतके मोकळेही हवे. दोन्ही गरजा खऱ्या आहेत, आणि एकीसाठी दुसरीचा बळी देता येत नाही.

कर्नलच्या कर्त्यांनी हा समतोल एका संख्येत बसवला आहे. ‘प्रॉक’ नावाच्या आभासी कोशात ‘सिस’, त्यात ‘कर्नल’ आणि त्यात ‘सिसआरक्यू’ नावाची एक नोंद असते. तेथे ० असेल तर कळ पूर्णपणे बंद. १ असेल तर सारे अधिकार खुले. याहून मोठी संख्या असेल तर ती अधिकारांची बेरीज असते: २ म्हणजे पडद्यावर येणाऱ्या सूचनांचे प्रमाण बदलणे, ४ म्हणजे कळफलकाचा ताबा, ८ म्हणजे आतील स्थितीचे तपासणीसाठी दर्शन, १६ म्हणजे लेखन उतरवणे, ३२ म्हणजे चकत्या वाचनापुरत्या करणे, ६४ म्हणजे आज्ञावली थांबवणे, १२८ म्हणजे यंत्र बंद वा पुन्हा सुरू करणे, आणि २५६ म्हणजे अग्रक्रम मिळालेल्या कामांचा अग्रक्रम उतरवणे.

या संख्या दुपटीनेच का वाढतात? आपल्या आजीच्या काळच्या वाण्याकडे शेर, अच्छेर, पावशेर, नवटाक अशी वजने असत. प्रत्येक वजन आधीच्याच्या निम्मे. प्रत्येकी एकच वजन असले तरी पारड्यातील एकूण भारावरून कोणकोणती वजने टाकली आहेत हे निश्चित सांगता येई, कारण तोच भार दुसऱ्या कोणत्याही जुळणीने होत नसे. येथेही तेच. १७६ म्हटले की १२८, ३२ आणि १६. दुसरा अर्थ संभवतच नाही. उबुंटू प्रणाली मूळची १७६ वर ठेवलेली असते: लेखन उतरवा, चकत्या वाचनापुरत्या करा, यंत्र पुन्हा सुरू करा, एवढेच. डेबियनची मूळ संख्या ४३८. तिची फोड २५६, १२८, ३२, १६, ४ आणि २ अशी होते.

या दोन्ही बेरजांत ६४ आणि ८ नाहीत, हे चाणाक्ष श्रोत्यांच्या लक्षात आले असेल. त्यामागे कारण आहे. कोणी कुलूपबंद पडदा सोडून चहाला गेला, आणि मागून आलेल्याने आज्ञावली थांबवण्याची कळ दाबली, तर पडद्याला कुलूप लावणारी आज्ञावलीच मरण्याचा संभव असतो. म्हणजे कुलूप न फोडता दार उघडले. ८ चा अधिकार दिला तर आतील स्थितीचा तपशील बाहेर दिसू शकतो आणि ‘सी’ या अक्षराने गाभा मुद्दाम कोसळवताही येतो. तज्ज्ञाला या गोष्टी हव्याच असतात, कारण कोसळण्याच्या क्षणीचे चित्र टिपून दोष शोधण्याची ‘केडम्प’ ही व्यवस्था त्यांवरच पारखली जाते. परंतु कार्यालयातील येत्याजात्याच्या हाती त्या देणे इष्ट नव्हे.

आणखी एक मर्यादा सांगितली पाहिजे. ही संख्या केवळ कळफलकावरून येणाऱ्या आज्ञांना बांधते. ज्याच्यापाशी ‘रूट’चे, म्हणजे सर्वाधिकाऱ्याचे, प्रवेशपत्र आहे तो ‘सिसआरक्यू-ट्रिगर’ या दुसऱ्या नोंदीत अक्षर लिहून कोणतीही आज्ञा देऊ शकतो, मग संख्या ० का असेना. म्हणून संख्या ठरवताना विचारायचा प्रश्न असा: या कळफलकासमोर कोण कोण बसू शकते?

त्या प्रश्नाच्या उत्तरानुसार आम्ही काही सूचना करतो. घरच्या संगणकावर, जेथे घरचीच माणसे बसतात, २४४ ही बेरीज योग्य. ४, १६, ३२, ६४ आणि १२८ मिळून वर सांगितलेला सहा अक्षरांचा क्रम पुरा होतो. मंडळाच्या कार्यालयात, जेथे कार्यकर्ते बदलत असतात, १७६ ठेवावे. तेथे ‘एस’, ‘यू’, ‘बी’ एवढी तीन अक्षरे चालतात आणि नोंदवही वाचवण्यास ती पुष्कळदा पुरतात. गणेशोत्सवात मांडवाच्या दाराशी पावत्यांसाठी जो संगणक ठेवतो, त्याचा प्लग व बटण पेटीत बंद करून संख्या ० करावी. मात्र बटण उघडेच असेल तर केवळ कळ बंद करून काही साधत नाही, कारण उपद्रवी हात आधी बटणाकडेच जाईल.

संख्या बदलण्याचे दोन मार्ग आहेत. सिसकंट्रोल या आज्ञेने केलेला बदल यंत्र पुन्हा सुरू होईपर्यंतच टिकतो. कायमचा बदल मांडणीच्या फाईलमध्ये लिहावा लागतो. तोंडी ठराव आणि इतिवृत्तातील ठराव यांत जो फरक, तोच येथे. आणि बदल केल्यावर तो लागू झाला की नाही, हे यंत्र एकदा पुन्हा सुरू करून, नोंद वाचून पाहावे.

मंडळींनो, आपल्या दिल्लीतील जीवनाचे एक वैशिष्ट्य म्हणजे बदली. आज जो कार्यकर्ता यंत्राची सारी गुपिते जाणतो, तो उद्या गुवाहाटीला किंवा चेन्नईला जातो, आणि त्याच्या सामानाबरोबर ते ज्ञानही मालमोटारीत चढते. निवृत्तीनंतर क्वार्टर सोडणाऱ्याची गोष्टही तीच. अडचणीच्या वेळची कळ कोणती, तिची संख्या किती, ती कोणी, कोणत्या तारखेला व कोणत्या कारणाने ठरवली, हे एका कागदावर मराठीत लिहून कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूस चिकटवावे, अशी आमची विनंती आहे. शिवाय वर्षातून एकदा, दिवाळीपूर्वीच्या साफसफाईच्या दिवशी, नोंदींच्या प्रती दुसऱ्या चकतीवर काढून घेतल्यावर, दोन नव्या कार्यकर्त्यांकडून ती तीन अक्षरे प्रत्यक्ष दाबून घ्यावीत. ज्या उपायाचा सराव नाही तो ऐन वेळी आठवत नाही. आणि ज्या प्रती काढल्याच नाहीत त्या कोणतीही कळ परत देत नाही.

पन्नास वर्षांपूर्वी ज्यांनी हे मंडळ स्थापिले त्यांनी वर्गणीच्या पेटीची एक किल्ली अध्यक्षांकडे व दुसरी कोषाध्यक्षांकडे ठेवली होती. त्यांना संगणक ठाऊक नव्हता. परंतु अधिकार वाटून द्यावा, त्याची नोंद ठेवावी आणि एक माणूस नसला तरी काम अडू नये, हे त्यांना उत्तम ठाऊक होते. तेच शहाणपण आपण या नव्या पेटीलाही लावावे.