एका संगणकात दोन बिऱ्हाडं



भात घरात आलंय, मळण्या उरकल्यात, आणि तुम्ही थंडीत शाली गुंडाळून संगणकावरचं व्याख्यान ऐकायला बसलात, हे मला अजून खरं वाटत नाही.

पाली दरवाज्यानं गडावर कसं जायचं हे तुम्हा पालीकरांना मी काय सांगणार? तरी सुरुवात तिथूनच करतो. राजगडाला पाली दरवाजा आहे, गुंजवणे दरवाजा आहे, अळू दरवाजा आहे. कुठूनही शिरा, गड एकच. संगणकात याच्या नेमकं उलट करता येतं. दार एकच ठेवायचं आणि बटण दाबल्यावर ठरवायचं, आज आत विंडोजचा कारभार की लिनक्सचा. याला म्हणतात ड्युअल बूट. दोघं एकाच वेळी चालत नाहीत. एक उठला की दुसरा झोपलेला.

हे आत्ताच का? कारण 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा नेहमीचा आधार संपला. वर्षभराची जादा मुदत मिळाली, पण ती मुदतच. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 नावाची सुरक्षेची सोय लागते आणि प्रोसेसरही विंडोज बनवणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या यादीतला लागतो. पोराच्या कॉलेजसाठी 2015-16 ला घेतलेला लॅपटॉप या चाळणीतून खाली पडतो. यंत्र धडधाकट, फक्त दाखला नाही. त्यावर लिनक्स मजेत चालतं आणि त्याला पैसे पडत नाहीत.

मग विंडोज पुसूनच का टाकू नये? काही जण तसं आवेशानं सांगतात. मला ते पटत नाही. पत्रिका छापणाऱ्याकडे जाऊन बघा. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या श्री-लिपी सॉफ्टवेअरमध्ये वर्षानुवर्षं केलेल्या मजकुराचे ढीग त्याच्याकडे आहेत. जुन्या फॉन्टमधली ती फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा नुसता पाला दिसतो. सगळ्या संगणकांवर सारखं दिसणारं युनिकोड आलं, लोहितसारखे मुक्त फॉन्ट आले, लिनक्सवर मराठी झकास लिहिता येतं. पण म्हणून जुना ढीग आपोआप बदलत नाही. घरात संगणक एकच असेल तर दोन्ही ठेवावीत, हे माझं मत.

आता वाटणी. हार्डडिस्कच्या पार्टिशनला याहून चांगला शब्द नाही आणि तो तुम्हाला शिकवायलाही नको. जुन्या पद्धतीत डिस्कच्या अगदी सुरुवातीला 512 बाइटांची एक जागा असे. त्यात 446 बाइट संगणक उठवणाऱ्या छोट्या प्रोग्रामला, 64 बाइट वाटणीच्या नोंदीला, उरलेले 2 बाइट खुणेला. त्या 64 मध्ये चारच हिस्सेदार बसत. पाचवा आला की एका हिश्शाचे पोटहिस्से पाडायचे. इतकं आपल्यासारखं! नव्या जीपीटी पद्धतीत साधारण 128 हिश्शांची सोय असते आणि नोंदीची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी ठेवलेली असते. नोंद पुसली तरी आतला मजकूर लगेच जात नाही. सातबारा फाडला म्हणून खाचरातलं भात जळत नाही. मात्र त्या जागेवर कुणी नवी नांगरट केली, की संपलं. मी एकदा घाईत ‘पूर्ण डिस्क पुसा’ला होकार दिला आणि साडूच्या मुलीचा तीन महिन्यांचा प्रकल्प नांगरून टाकला. ती अजून माझ्याशी बेतानंच बोलते. म्हणून आधी सगळं दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्या, मगच पुढचं.

वाटणी विंडोजच्या हातूनच करून घ्यावी. त्याच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन सी ड्राइव्ह आक्रसायचा आणि चाळीस-पन्नास जीबी मोकळं सोडायचं. उबुंटूसारख्या लिनक्सला किमान 25 जीबी हवेत, पण तेवढ्यात अंग चोरून राहावं लागतं. मग फास्ट स्टार्टअप बंद करा. तो चालू असला तर ‘शट डाउन’ दाबल्यावरही विंडोज पुरतं झोपत नाही, अर्धा हिशेब उघडा ठेवून डुलकी घेतं. अशा वेळी लिनक्सनं त्या हिश्शात काही लिहिलं तर दोघांच्या वह्या जुळत नाहीत.

आता बिटलॉकरची, म्हणजे विंडोज डिस्कला घालतं त्या कुलपाची, गोष्ट सांगतो. एका ओळखीच्या गृहस्थांनी लॅपटॉप घेतला. दुकानदारानं सौजन्यानं मायक्रोसॉफ्टचं खातं उघडून दिलं, आणि ते स्वतःच्या मोबाइल नंबरवर. पुढे दाराच्या व्यवस्थेत बदल केल्यावर संगणकानं 48 आकडी चावी मागितली. चावी त्या खात्यात, खातं दुकानदाराच्या नंबरवर, आणि त्यानं दरम्यान नंबरच बदललेला. तेव्हा ती चावी आधी कागदावर उतरवा. तो कागद लॅपटॉपच्या पिशवीत ठेवू नका.

बाकी क्रिया सोपी. पेनड्राइव्हवर लिनक्स चढवायचं, सुरू होताना एफ12 किंवा एस्केप दाबायचं (कळ कंपनीगणिक वेगळी), आणि आधी न बसवताच चालवून बघायचं. वायफाय, आवाज, टचपॅड ठीक वाटलं तरच बसवायचं. क्रम विंडोज आधी, लिनक्स मागून. लिनक्सचा दारवान ग्रब हा शेजाऱ्याचं नाव पाटीवर लिहितो. विंडोज स्वतःचंच लिहितं.

ऑगस्ट 2024 मध्ये विंडोजच्या एका अपडेटनंतर पुष्कळांच्या दुहेरी संगणकांवर लिनक्स उठेना. जुने, धोकादायक दारवान अडवायचे म्हणून केलेली ती सुधारणा होती. दोन बिऱ्हाडांच्या यंत्रांना ती लागू होणार नाही असं सांगितलं होतं, पण ती त्यांनाही लागू झाली. आतल्या फाइलींना धक्का नव्हता. अडलं होतं ते उंबऱ्यावर. तेव्हा असं काही झालं तर घाबरून फॉरमॅट मारू नका. बसवताना वापरलेला पेनड्राइव्ह जपून ठेवलात, तर सेक्युअर बूट ही दारावरची तपासणी तात्पुरती बंद करून त्यावरून संगणक उठवता येतो आणि दारवान दुरुस्त करता येतो.

आणि शेवटची कुरबुर घड्याळाची. विंडोज यंत्रातल्या घड्याळावर स्थानिक वेळ ठेवतं, लिनक्स जागतिक वेळ. लिनक्समधून विंडोजमध्ये आलात की घड्याळ बरोबर साडेपाच तास मागं. इथं नेटवर्क धड नसतं, त्यामुळे ते आपोआप सुधारायचीही खात्री नाही. लिनक्समध्ये एका ओळीच्या आज्ञेनं त्याला स्थानिक वेळेवर आणता येतं. ती आज्ञा फळ्यावर लिहून ठेवलीय.

चहा तयार आहे असं मागून खुणावताहेत. ज्यांनी लॅपटॉप आणलेत त्यांनी चार्जरसह डावीकडच्या टेबलावर यावं. वीज गेली तर बसवणं अर्ध्यात अडकेल, म्हणून बॅटरी आधी पूर्ण भरू द्या, तोवर आपण चहा घेऊ.