नाणे, फोन आणि व्यवहाराचा हक्क

(एका अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



आजच्या व्याख्यानाचा विषय ऐकून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. बेकारी, महागाई, शेतीमालाचे भाव असे प्रश्न समोर उभे असताना रुपया-दोन रुपयांच्या नाण्यावर काय बोलायचे, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. परंतु सामान्य माणसाची अर्थव्यवस्थेशी गाठ पडते ती किराणा दुकानाच्या गल्ल्यापाशी, एस.टी.च्या वाहकापाशी आणि भाजीच्या पाटीपाशी. तेथे गेल्या दहा वर्षांत मोठे स्थित्यंतर घडले आहे. खिशातल्या नाण्याची जागा हातातल्या फोनने घेतली आहे. या स्थित्यंतराविषयी लोक जाता-येता जी मते बोलून दाखवितात, ती नीट तपासून पाहावीत, एवढाच आजचा हेतू आहे.

ही मते साधारणपणे तीन आहेत. नाणी म्हणजे नसते ओझे, हे पहिले. फोनने पैसे देणे फुकटात होते, हे दुसरे. आणि आजकाल फोन कोणाकडे नाही, हे तिसरे. तिन्हींत सत्याचा अंश आहे, आणि म्हणूनच ती अधिक काळजीने पारखली पाहिजेत. अर्धसत्याला गिऱ्हाईक लवकर मिळते.

नाणे नाहीसे होणे ही काही नवी गोष्ट नव्हे. आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळी रुपयाचे सोळा आणे होत, चौसष्ट पैसे होत आणि एकशे ब्याण्णव पै होत. चवली, पावली, अधेली हे शब्द घरोघर होते. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान पद्धत आली आणि रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. पुढे भाववाढीने एकेक नाणे निरुपयोगी केले, आणि ३० जून २०११ पासून पंचवीस पैसे व त्याखालील सर्व नाणी चलनातून काढून घेण्यात आली. ज्या नाण्याने काहीच विकत मिळत नाही ते जाणारच. त्याबद्दल अश्रू ढाळण्याचे कारण नाही.

परंतु नाणे दुसऱ्या रीतीनेही मरते, आणि ती रीत अधिक चिंताजनक आहे. दहा रुपयांचे नाणे पाहा. त्यावरील रेषा दहा असतील तर ते खरे आणि पंधरा असतील तर खोटे, अशी वदंता देशभर पसरली. रुपयाचे चिन्ह असलेले चालते, नसलेले चालत नाही, अशी तिला जोड मिळाली. रिझर्व्ह बँकेला जानेवारी २०१८ मध्ये जाहीर निवेदन काढून सांगावे लागले की, दहा रुपयांची नाणी तोवर चौदा नमुन्यांत निघाली असून ती सर्व कायदेशीर चलन आहेत. तरीही अनेक गावांत ते नाणे आजही परत केले जाते. पन्नास पैशांचे नाणे तर कायद्याने अद्याप जिवंत आहे, पण ते घेणारा दुकानदार मिळणे दुरापास्त. म्हणजे सरकारने जे नाणे बंद केलेले नाही, ते लोकमत बंद करू शकते. असे नाणे ज्याच्या मुठीत राहते, तो बहुधा हातावर पोट असलेला माणूस असतो. दुकानदार ते गिऱ्हाइकाला परत देतो, बँकेतील कारकून मोजण्याचा कंटाळा करतो, आणि शेवटी नाणे थांबते ते ज्याला नाही म्हणण्याची सोय नाही त्याच्यापाशी.

वास्तविक कायदा या बाबतीत स्वच्छ आहे. २०११ च्या नाणेविषयक कायद्याप्रमाणे एक रुपया व त्यावरील नाणी एक हजार रुपयांच्या रकमेपर्यंत, आणि अर्धा रुपया दहा रुपयांपर्यंत, देणे फेडण्यास वैध आहेत. बँकांच्या शाखांनी नाणी नाकारू नयेत, अशा रिझर्व्ह बँकेच्या सूचना आहेत. पण कायद्याचा आधार घेऊन दहा रुपयांसाठी भांडत बसण्याइतकी सवड मजुराला नसते. त्याला कामावर जायचे असते.

आता पहिल्या मताकडे वळू. नाणी जड होतात, खिसे फाटतात, सुटे मिळत नाहीत, ही तक्रार खोटी नाही. सुट्या पैशांच्या ऐवजी गोळ्या आणि चॉकलेटे हातावर ठेवणारी दुकाने आपण सर्वांनी पाहिली आहेत. ती गोळी दुकानदार परत घेत नसे, हे आपण विसरता कामा नये. फोनने हा जाच संपविला. २०१६ साली यूपीआयची व्यवस्था सुरू झाली, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये एकाच महिन्यात तिच्यावरून दोन हजार कोटींहून अधिक व्यवहार झाले. पाटी घेऊन बसणाऱ्या भाजीवालीच्या कनवटीला आता दिवसभराची रोकड राहत नाही. तिची चोरीची भीती कमी झाली, आणि सव्वीस रुपयांची भाजी सव्वीस रुपयांनाच विकली जाऊ लागली. ही सार्वजनिक सोय आहे आणि तिचे मोल मान्य केलेच पाहिजे. यंत्राला विरोध करण्यासाठी मी येथे उभा नाही.

दुसरे मत मात्र मुळातून तपासावे लागते. फोनने पैसे देणे फुकट आहे काय? यूपीआयच्या व्यवहारावर जानेवारी २०२० पासून व्यापाऱ्याकडून शुल्क घेतले जात नाही, हे खरे. पण खर्च नाहीसा झालेला नाही. तो दुसऱ्याच्या खांद्यावर गेला आहे. एक रुपयाचे नाणे पाडण्यास एक रुपया अकरा पैसे खर्च येतो, अशी माहिती २०१८ मध्ये माहितीच्या अधिकारात बाहेर आली, तेव्हा अनेकांनी सरकारच्या उधळपट्टीची थट्टा केली. त्यांनी हिशेब अपुरा मांडला. ते नाणे एकदा पाडले की वर्षानुवर्षे हजारो हातांतून फिरते, आणि घेणाऱ्या-देणाऱ्याला ते वापरण्यासाठी एक पैही मोजावी लागत नाही. व्यवहाराचे साधन पुरविण्याचा भार तेथे समाज उचलतो. फोनच्या व्यवहारात तोच भार प्रत्येकाने स्वतः उचलायचा असतो. फोन विकत घ्यायचा, दरमहा रिचार्ज करायचा, फुटलेली काच बदलायची, आणि दोन-चार वर्षांनी नवा फोन घ्यायचा.

त्यात आणखी एक खर्च असा आहे की ज्याची वाच्यता कोणी करीत नाही. तो म्हणजे फोनमधील जागेचा, ज्याला आपण स्टोरेज म्हणतो. स्वस्त फोनमध्ये मुळात साठवण थोडी. दुकानात बत्तीस जीबी म्हणून सांगितले जाते, पण त्यातला मोठा हिस्सा फोनची स्वतःची आज्ञावली आणि आधीच भरलेली ॲप्स व्यापून बसतात. उरलेल्या जागेत मुलांच्या शाळेचे निरोप, नातवंडांची छायाचित्रे, आणि रोज सकाळी येणारी सुप्रभाताची फुले. ॲप्स तर दर सुधारणेबरोबर अंगाने वाढतच जातात. एके दिवशी फोन सांगतो की जागा शिल्लक नाही. मग ॲप सुधारत नाही, आणि न सुधारलेले ॲप काही दिवसांनी चालेनासे होते. जुन्या आज्ञावलीचा फोन असेल तर ॲप त्याला दारातही उभे करीत नाही. ज्याच्याकडे पैसा आहे तो अधिक साठवणीचा फोन घेतो. ज्याच्याकडे नाही, त्याने आईचा जुना फोटो पुसायचा की बँकेचे ॲप, हे ठरवायचे. स्वतःचेच कष्टाचे पैसे खर्च करता यावेत म्हणून फोनमध्ये जागा विकत घ्यावी लागणे, ही अट नाण्याने कोणावर कधी घातली नव्हती.

तिसरे मत आहे, फोन कोणाकडे नाही? हा प्रश्न विचारणारा बहुधा स्वतःच्या घराकडे आणि कचेरीकडे पाहून विचारतो. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रियांपैकी स्वतः वापरतात असा मोबाइल फोन असलेल्या स्त्रिया ५४ टक्के आढळल्या. हा आकडा कोणत्याही मोबाइलचा आहे; स्मार्टफोनचा नव्हे. त्यानंतर तो वाढला असे धरले, तरी घरातला फोन आणि बाईचा फोन यांत अंतर असते. घरातला फोन नवऱ्याच्या किंवा मुलाच्या खिशात असतो. साध्या फोनवरून पैसे पाठविण्याची सोय मार्च २०२२ मध्ये सुरू झाली ही चांगली गोष्ट. पण त्यासाठीही फोन, खाते आणि आकडे दाबण्याचा सराव हवाच.

अंध बांधवांचा विचार करा. २०१९ मध्ये जी नवी नाणेमालिका जाहीर झाली, तिची घडण त्यांना बोटांनी ओळखता यावी अशी केली आहे. वीस रुपयांचे नाणे तर बारा कोनांचे आहे. उलट नोटा ओळखता याव्यात म्हणून रिझर्व्ह बँकेने १ जानेवारी २०२० रोजी जे साधन दिले, ते मोबाइलमधील ॲप आहे. दोन्ही प्रयत्न स्तुत्य आहेत. पण एकाला बोटे पुरतात, आणि दुसऱ्याला फोन लागतो.

आणखी एक भेद आहे, आणि मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. नाण्याला स्मरणशक्ती नसते. ते कोणाकडून आले, कोणाकडे गेले, कशासाठी गेले, याची नोंद ते ठेवीत नाही. आपल्या आया-आज्यांनी तांदळाच्या डब्यात आणि फडक्याच्या गाठीत जी नाणी साठविली, त्यांतून मुलीची वही आली, आजारपणात औषध आले, क्वचित माहेरी जाण्याचे तिकीटही आले. ती साठवण घरातल्या कर्त्या पुरुषाच्या नजरेआड होती, म्हणूनच ती बाईची होती. फोनमधील प्रत्येक रुपया आपल्या मागे पाऊलखुणा ठेवतो. त्या बँक पाहते, ॲप चालविणारी कंपनी पाहते, आणि फोन हातात घेणारा नवराही पाहतो. २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. पण घरातल्या घरात कोणता कायदा पोहोचणार?

आणि यंत्रणा अखेर यंत्रणाच. २०२५ च्या मार्च-एप्रिलमध्ये यूपीआय एकाहून अधिक वेळा बंद पडले, तेव्हा फोनवाले आणि बिनफोनवाले काही तास एकाच पंक्तीत बसले. याची जाण इतर देशांना येऊ लागली आहे. नॉर्वेसारख्या, रोखीचा वापर अगदी थोडा उरलेल्या देशानेही २०२४ मध्ये दुकानात रोखीने पैसे देण्याचा ग्राहकाचा हक्क कायद्याने अधिक पक्का केला. आपल्याकडे मात्र वारे उलटे वाहताना दिसतात. टोलनाक्यावर फेब्रुवारी २०२१ पासून फास्टॅग सक्तीचा झाला, आणि तो नसेल तर रोखीने दुप्पट पथकर द्यावा लागू लागला. मोटारीच्या मालकाला हे परवडेल. पण हाच न्याय उद्या बसच्या तिकिटाला, दवाखान्याच्या केसपेपरला आणि शाळेच्या फीला लागला, तर फोन नसणे हा दंडनीय अपराधच ठरेल.

तेव्हा आपली मागणी काय असावी? ती साधी आहे. बस, दवाखाना, शाळा, शिधावाटप, सरकारी कचेरी, जेथे जेथे नागरिकाला जावेच लागते, तेथे तेथे नाणे आणि नोट विनातक्रार आणि विनादंड घेतली गेली पाहिजे. बँकेच्या प्रत्येक शाखेने नाणी मोजून घेतली पाहिजेत, आणि सुटी नाणी द्यायलाही हवीत. ज्यांना फोनने पैसे द्यायचे आहेत त्यांनी जरूर द्यावेत. सोय म्हणून फोन स्वागतार्ह आहे, अट म्हणून तो स्वीकारता येणार नाही.

यांतले काही सरकारकडे मागायचे आहे, पण काही आपल्याच हाती आहे. दहा रुपयांचे नाणे पुढे आले की त्यावरील रेषा मोजणे आपण थांबवू शकतो. दुकानात आपल्या पुढे उभ्या असलेल्या म्हातारीची नाणी मोजून होईपर्यंत आपण थांबू शकतो. मागून कोणी चुकचुकले, तर तिच्या बाजूने एक शब्द बोलू शकतो. तिने पुढे केलेला रुपया या देशाच्या नावाने पाडलेला आहे. तो नाकारणाऱ्याने तिचा व्यवहार करण्याचा हक्क नाकारलेला असतो, आणि तो हक्क आपल्या देखत नाकारला जाऊ द्यायचा की नाही, हे आपण ठरवायचे आहे.