उन्हाळी वाफ्याची पूर्वतयारी
(धर्मग्रामाच्या महोत्सवांत दिलेलें व्याख्यान)



महोत्सवप्रसंगीं पूर्वजांच्या श्रमांचें स्मरण करावें हें योग्यच होय. परंतु आम्हांस जो विषय नेमून देण्यांत आला आहे तो अगदीं घरगुती आहे. घरामागें जी चार हात जागा असते, तींत वसंतऋतूंत भाजीपाला लावावयाचा तर वाफा कसा सिद्ध करावा, एवढेंच आम्हांस सांगावयाचें आहे.

प्रथम वसंत या शब्दाचाच विचार करूं. युरोपांत वसंत म्हणजे बर्फ वितळून माती ऊबदार होण्याचा काळ. तेथील बागवान सूर्याची वाट पाहत असतो. आपल्या धाराशिव जिल्ह्यांत फाल्गुनांत थंडी सरते आणि चैत्रांत विहिरींचे तळ दिसूं लागतात. त्यामुळें परदेशी पुस्तकांतील उपदेश येथें जसाच्या तसा लागू पडत नाहीं. तेथें पाणी निघून जावें म्हणून वाफा उंच करतात. आपला उन्हाळी वाफा पाणी टिकावें म्हणून भोवतालच्या जमिनीपेक्षां चार बोटें खोल असावा. पावसाळ्यांत काळ्या जमिनींत गादीवाफाच चांगला, कारण तेव्हां मुळें कुजण्याचें भय असतें. पण ती गोष्ट ज्येष्ठानंतरची.

परस आपल्यांपैकीं पुष्कळांच्या घरीं पूर्वीं नव्हतें. जुन्या गांवठाणांत मातीदगडाच्या भिंती एकमेकींस खेटून उभ्या असत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटें भूकंप झाला आणि लातूर व धाराशिव जिल्ह्यांतील कित्येक गांवें क्षणांत जमीनदोस्त झालीं. जीं नवीं गांवें वसविलीं गेलीं, त्यांत घरें अंतराअंतरावर आलीं आणि मोठ्या दुःखाच्या पोटीं अंगणाची मोकळी जागा आली. याच भूकंपानंतरच्या कार्यांतून स्वयं शिक्षण प्रयोग ही संस्था वाढली. प्रेमा गोपालन यांनीं स्थापिलेल्या या संस्थेनें आपल्या भागांतील स्त्रियांस असें सुचविलें कीं, कुटुंबाच्या शेतापैकीं अर्धा-एक एकर आपल्या हातीं घ्या आणि त्यांत विक्रीच्या पिकाऐवजीं घरांत खाण्याचें धान्य, कडधान्य व भाजी पिकवा. २०१६ सालीं संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचें इक्वेटर पारितोषिक या संस्थेस मिळालें. आम्हांस त्यांतील मर्म असें दिसतें कीं, त्या तुकड्यांत काय पेरावें हें घरची बाई ठरविते. परसांतील वाफ्यासही हाच न्याय लावावा. आमच्या पुरुषमंडळींनीं कुदळ चालवावी आणि बियांच्या बाबतींत मौन धरावें.

आतां पाण्याचा हिशोब. तो न करतां कुदळ हातीं घेणारा मनुष्य वैशाखांत वाळलेलीं रोपें पाहतो. ज्या वर्षीं, म्हणजे २०१६ सालीं, शेजारच्या लातुरास मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें, तें वर्ष आपण विसरलेलों नाहीं. दहा फूट लांब व चार फूट रुंद वाफा धरा. कडक उन्हांत दररोज सुमारें ६ मिलिमीटर पाणी त्यांतून उडून जातें. म्हणजे २२ लिटर, ढोबळ मानानें दोन घागरी. एवढें पाणी तांदूळ, डाळ व भाजी धुतांना आणि भांडीं विसळतांना बहुतेक घरांत निघतें. तेव्हां एका घरास एक वाफा. टँकरची वाट पाहणाऱ्या शेजारणीच्या देखत पिण्याच्या पाण्यानें भेंडी भिजविणें आम्हांस पटत नाहीं. मात्र कपडे धुतलेलें सोड्याचें पाणी वाफ्यास घालूं नये. त्यांतील क्षारानें काळी माती चिकट होऊन वाळल्यावर दगडासारखी बनते.

काळ्या मातीचा स्वभाव मानी आहे. ओली असतां तिला हात लावाल तर चिखलाचे गोळे होतात. पूर्ण वाळल्यावर खणाल तर कुदळ उडते. म्हणून जागा आधीं भरपूर भिजवावी आणि वाफसा येईपर्यंत दोनतीन दिवस थांबावें. मूठभर माती दाबून गोळा करावा. बोटानें टोचतांच तो फुटला तर वेळ आली असें समजावें. मग हातभर खोल खणून, काशा व हराळीच्या मुळ्या वेंचून, ढेकळें फोडून आठ दिवस ऊन खाऊं द्यावें. खालीं मुरूम लागल्यास तो वर न आणतां तेथेंच सैल करावा.

राखेचा बुधवार ४ फेब्रुवारी ते १० मार्च यांच्या दरम्यान येतो, आणि खणण्याचा काळही तोच. उपवासकाळांत अंजिराच्या झाडाचा दृष्टांत आपण ऐकतों. तीन वर्षें फळ न देणारें झाड मालक तोडावयास सांगतो, तेव्हां मळ्याचा चाकर आणखी एक वर्षाची मुदत मागून भोवतीं खणीन व खत घालीन असें म्हणतो. फळ येईलच असें वचन तो देत नाहीं. जें आपल्या हातांत आहे तेवढेंच तो बोलतो. खणणें आधीं व खत मागून, हा त्याचा क्रमही शेतकऱ्याचाच आहे.

खत म्हणजे पूर्ण कुजलेलें शेणखत. हातांत घेतां भुसभुशीत व वासरहित असावें. अर्धवट कुजलेल्या शेणाबरोबर हुमणीच्या अळ्या घरांत येतात. वरील मापाच्या वाफ्यास तीनचार पाट्या व दोन मुठी निंबोळी पेंड पुरे. चुलीची राख मात्र, ती कितीही पवित्र वाटो, वाफ्यांत ओतूं नये. आपल्या जमिनींत चुना मूळचाच अधिक, आणि राखेनें त्यांत भरच पडते.

वाफ्याच्या मध्यावर दोन जुनीं, झिलई नसलेलीं मडकीं गळ्यापर्यंत पुरून ठेवावीं. तळास छिद्र नको. त्यांत पाणी भरून वर झाकण ठेवलें कीं मडक्याच्या अंगांतून तें हळूहळू पाझरतें व मुळें तिकडे धांवतात. चीन देशांत ही युक्ति दोन हजार वर्षांपासून ठाऊक आहे. वाफ्यावर सोयाबीनचें भुसकट किंवा उसाचें पाचट चार बोटें पसरावें. कडबा गुरांच्या तोंडचा आहे, तो येथें वापरूं नये. पश्चिमेच्या बाजूस तुराट्यांचा ताट्या उभारल्यास दुपारचें ऊन व वारा अडतो.

आतां पेरणी. भेंडी, गवार, चवळी, काकडी व दोडका हीं उन्हाळ्याचीं पिकें. रात्रीची थंडी मोडल्यावांचून त्यांचें बीं नीट उगवत नाहीं. भेंडीचें बीं रात्रभर भिजवावें आणि जाडीच्या दोनतीन पट खोल टोकावें. वेलांस मडक्याच्या जवळ जागा द्यावी. कडेनें माठ व अंबाडी फेंकावी. महिन्याभरांत घरांत पालेभाजी येऊं लागते. अंकुर वर येईपर्यंत भुसकट ओळीवरून बाजूस सारलेलें असावें, आणि रोप चार पानांचें झालें कीं तें पुन्हां बुडाशीं ओढून घ्यावें.