तर्कतीर्थांच्या गावात ज्ञानग्रंथांना मागची पंगत नको



तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांचा जन्म याच पिंपळनेर गावचा, २७ जानेवारी १९०१ चा. पोरवयात ते वाईच्या प्राज्ञपाठशाळेत गेले, केवलानंद सरस्वतींजवळ शास्त्रे शिकले आणि १९२३ साली कलकत्त्याची ‘तर्कतीर्थ’ पदवी मिळवून आले. पुढे आयुष्यभर त्यांनी लिहिले ते धर्म, इतिहास, तत्त्वज्ञान आणि समाज यांविषयी. कादंबरीच्या वाटेला ते गेले नाहीत. तरीही १९५४ साली दिल्लीच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. साहित्य अकादमीने १९५५ साली पुरस्कार द्यायला सुरुवात केली, तेव्हा मराठीतला पहिला मान त्यांच्याच ‘वैदिक संस्कृतीचा विकास’ या ग्रंथाला मिळाला. अशा गावात ‘साहित्य म्हणजे कथा, कविता, कादंबरी, बाकीची सगळी माहितीची पुस्तके’ हे मत मुकाट्याने ऐकून घेणे शक्य नाही. ग्रंथमेळाव्याच्या अध्यक्षाने चार गोड शब्द बोलावेत आणि शाल-श्रीफळ घेऊन निघावे, हा रिवाज आज बाजूला ठेवावा लागेल. भांडण जुने आहे आणि ते इथेच व्हायला हवे.

कोणत्याही मेळाव्याची कार्यक्रमपत्रिका हातात घ्यावी. कविसंमेलनाला संध्याकाळ, कथाकथनाला रात्र, नटाच्या किंवा कादंबरीकाराच्या मुलाखतीला भरला मंडप. इतिहास, विज्ञान, शेती, भाषा, चरित्र या सगळ्यांना मिळून एक परिसंवाद, तोही जेवणानंतर, मंडप रिकामा होत असताना. ज्ञानग्रंथांना अशी मागच्या पंगतीची वागणूक देणारे आपण मराठी साहित्याची सेवा करतो आहोत असे समजतात. त्यांचा हा समज खोटा आहे आणि तो कागदोपत्री खोटा ठरवता येतो.

अकादमीचीच यादी पाहू. तर्कतीर्थांनंतर १९५६ साली पुरस्कार मिळाला तो मर्ढेकरांच्या ‘सौंदर्य आणि साहित्य’ या समीक्षाग्रंथाला. मर्ढेकर कवी म्हणून युगप्रवर्तक, पण मान मिळाला विचाराच्या पुस्तकाला. १९५८ साली चिंतामणराव कोल्हटकरांचे आत्मचरित्र ‘बहुरूपी’, १९५९ साली ग. त्र्यं. देशपांडे यांचे ‘भारतीय साहित्यशास्त्र’. पहिली कादंबरी आली ती १९६० साली, खांडेकरांची ‘ययाति’. पुढे १९६६ ते १९७१ ही सहा वर्षे बघा. शेजवलकरांचे ‘श्री शिवछत्रपती’, ना. गो. कालेलकरांचे ‘भाषा : इतिहास आणि भूगोल’, इरावती कर्वे यांचे ‘युगान्त’, बनहट्टींचे ‘नाट्याचार्य देवल’, न. र. फाटकांचे ‘आदर्श भारतसेवक’, दुर्गा भागवतांचे ‘पैस’. सहांत एकही कथासंग्रह, कवितासंग्रह किंवा कादंबरी नाही. यावल तालुक्यातल्या सांगवीचे भालचंद्र नेमाडे ‘कोसला’मुळे घराघरात पोहोचले, पण १९९१ चा अकादमी पुरस्कार त्यांना ‘टीकास्वयंवर’ या समीक्षेच्या पुस्तकासाठी मिळाला. जगाचे म्हणाल, तर नोबेलचा साहित्य पुरस्कार दुसऱ्याच वर्षी, १९०२ साली, रोमचा इतिहास लिहिणाऱ्या थेओडोर मोमसेन यांना मिळाला होता. २०१५ साली तो स्वेतलाना अलेक्सियेविच यांच्याकडे गेला. युद्धातल्या बायका आणि चेर्नोबिलची माणसे यांच्याशी बोलून, त्यांचे शब्द जुळवून त्यांनी ग्रंथ उभे केले. मोमसेन साहित्यिक ठरतात, तर्कतीर्थ ठरतात, मग आपल्या मंडपात इतिहासकाराला कोपऱ्यात का बसवायचे?

खान्देशाने तर ही चूक मुळीच करू नये. आपली सर्वांत मोठी ग्रंथकमाई याच प्रकारातली आहे. इतिहासाचार्य राजवाडे दप्तरे आणि जुने कागद शोधत गावोगाव हिंडले, १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे खंड काढत राहिले आणि ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात त्यांनी देह ठेवला. त्यांचे काम पुढे चालावे म्हणून धुळेकरांनी १९२७ साली राजवाडे संशोधन मंडळ उभे केले. त्याच धुळ्यात समर्थभक्त शंकरराव देवांनी रामदासी हस्तलिखिते जमवली, ती समर्थ वाग्देवता मंदिरात जपली आहेत. आणि त्याच धुळ्याच्या तुरुंगात २१ फेब्रुवारी ते १९ जून १९३२ या काळात, दर रविवारी एक अध्याय अशा क्रमाने, विनोबा गीतेवर बोलले. समोर कैदी बसलेले, त्यांतलेच एक साने गुरुजी ते उतरवून घेत होते. ‘गीता प्रवचने’ असे जन्मले आणि देशभरच्या भाषांत गेले. एकाने बोलायचे आणि दुसऱ्याने निष्ठेने टिपायचे, एवढ्यावर एक अमर ग्रंथ उभा राहिला.

आता ‘माहितीची पुस्तके रुक्ष असतात’ या आरोपाकडे वळू. हा आरोप करणाऱ्यांनी कपाटच उघडलेले नाही. १८५७ च्या धामधुमीत सापडलेल्या वरसईच्या भिक्षुकाने, विष्णुभट गोडसे यांनी, लिहिलेले ‘माझा प्रवास’ वाचा. झाशीचा वेढा आत अडकलेल्या माणसाच्या नजरेतून दिसतो. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ वाचा, दया पवारांचे ‘बलुतं’ वाचा, लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ आणि लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ वाचा. अनिल अवचटांची ‘माणसं’ घ्या. हमाल, विडी कामगार, रस्त्यावर राहणारी कुटुंबे यांच्याकडे कसे पाहावे, काय विचारावे, हे तिथे कळते. चितमपल्लींच्या ‘पक्षी जाय दिगंतरा’मध्ये जंगल वनाधिकाऱ्याच्या डोळ्यांनी भेटते. नारळीकरांच्या ‘आकाशाशी जडले नाते’मध्ये खगोलशास्त्र मराठीत सहज बोलते. मिलिंद बोकिलांची ‘गोष्ट मेंढा गावची’ तर साक्री तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यातल्या प्रत्येक ग्रामसभेत मोठ्याने वाचली पाहिजे. गडचिरोलीतल्या एका गोंड गावाने सर्वसहमतीने निर्णय घेत, अभ्यासगट चालवत, सामूहिक वनहक्क कसा मिळवला याची ती हकिकत आहे. ज्या गावाला उद्या वनहक्काचा दावा भरायचा आहे, त्याला यापेक्षा उपयोगी वाचन दुसरे कोणते?

‘वाचक कुठे आहे?’ हा दुसरा आक्षेप. वीणा गवाणकरांचे ‘एक होता कार्व्हर’ १९८१ साली आले आणि त्याच्या आवृत्त्या आजही निघत आहेत. चरित्रनायक अमेरिकेतला कृष्णवर्णीय शेतीशास्त्रज्ञ, जन्म गुलामगिरीतला. १८९६ पासून तो टस्कीगीला शिकवत होता. वर्षानुवर्षे कापूस घेऊन अलाबामाच्या जमिनी निकस झाल्या होत्या. त्याने शेतकऱ्यांना पिकांची फेरपालट करायला लावली, भुईमूग आणि चवळीसारखी पिके घ्यायला लावली, कारण ही कडधान्यकुळातली पिके मुळांवरच्या गाठींतून जमिनीला नत्र परत देतात. कापसाच्या खान्देशाला हे पुस्तक परके कसे वाटेल? भुईमूग उपटून मुळाच्या गाठी हातात धरून पाहिलेला शेतकरी ते पुस्तक साहित्याच्या प्राध्यापकापेक्षा जास्त समजून वाचतो. वाचक आहे. त्याच्यापर्यंत पुस्तक नेणारा नाही.

याचा दोष ग्रंथालयांच्या खरेदीवरही येतो. मार्चअखेरीला अनुदान खर्ची पडावे म्हणून गठ्ठ्याने पुस्तके घेतली जातात. स्वस्त कादंबऱ्या, स्पर्धा परीक्षांची मार्गदर्शके आणि ‘सात दिवसांत यशस्वी व्हा’ छापाची भाषांतरे यांनी मांडण्या भरतात. ती भाषांतरे ज्ञानग्रंथ म्हणून खपवली जातात, हा तर अधिकच अन्याय. पुरावा न देता आश्वासन देणारे पुस्तक, आणि पुरावा न देता पूर्वजांची थोरवी गाणारे इतिहासाचे पुस्तक, ही दोन्ही या दालनातून बाहेर काढली पाहिजेत. प्रकाशकांनाही जाब विचारायला हवा. तीनशे पानांच्या इतिहासाला शेवटी सूची नाही, नद्यांवरच्या पुस्तकात नकाशा नाही, संदर्भ कुठून घेतला त्याचा पत्ता नाही, आणि किंमत मात्र पाचशे रुपये. हे वाचकाचा अपमान करणारे काम आहे.

तिसरा आक्षेप मोबाइलचा. सगळे फोनवर मिळते, मग ग्रंथ कशाला? फोनवर मराठीत विश्वासाने वाचावे असे जे मिळते, त्यातला फार मोठा वाटा मराठी विश्वकोशाचा आहे. तो उभा केला या गावच्या माणसाने. १९७६ साली पहिला खंड आला, १९९४ साली तर्कतीर्थ गेले, आणि विसाव्या खंडाचे काम पुरे व्हायला २०१५ साल उजाडले. हजारो नोंदी तज्ज्ञांकडून लिहून घ्यायच्या, तपासायच्या, परिभाषा घडवायची, असे पाऊण आयुष्य खाणारे काम कोणीतरी केले, म्हणून आज ते कोणालाही फुकट वाचता येते. आणि ज्ञानाने आचरण बदलते हेही तर्कतीर्थांनीच दाखवले. ‘हिंदुधर्माची समीक्षा’ लिहिणाऱ्या या शास्त्र्यानेच १९३३ साली पुण्यात देवदास गांधी आणि राजाजींची कन्या लक्ष्मी यांचा आंतरजातीय विवाह लावला.

आता या परिसरातल्या लेखकांवर थेट आरोप. प्रत्येक गावात कवी आहेत, ही आनंदाची गोष्ट. पण पांझरा नदीकाठच्या फडांवर सामान्य वाचकासाठी एक चांगले पुस्तक कोण लिहिणार? बंधाऱ्यातून पाट काढायचा, त्याखालच्या जमिनीचे तीन-चार फड पाडायचे, एका फडात सगळ्यांनी मिळून एकच पीक घ्यायचे, दर वर्षी ते फिरवायचे. पाणी सोडायला पाटकरी, राखणीला जागल्या, देखरेखीला हवालदार. सरकारी पाटबंधारे खाते येण्याच्या कितीतरी आधीपासून शेतकऱ्यांनी चालवलेली ही पाणीवाटपाची व्यवस्था. अभियंत्यांनी तिच्यावर शोधनिबंध लिहिले, पण पाटकऱ्याच्या तोंडून ती सांगणारे पुस्तक घराघरात नाही. जवळच बारीपाडा गाव आहे. तिथल्या चैत्राम पवारांना २०२५ साली पद्मश्री मिळाली, आपण फलक लावले. तिथे २००४ पासून रानभाज्यांची पाककला स्पर्धा भरते. कोणती भाजी कोणत्या पावसानंतर येते, कोणती दोनदा उकळून पाणी टाकल्याशिवाय खायची नसते, हे तिथल्या बायकांना पाठ आहे. ते चित्रांसह, नावांसह उतरवून घेणारे कोण आहे?

हे होऊ शकते, याचा दाखला आपल्याकडेच आहे. डॉ. रमेश सूर्यवंशी यांनी अहिराणीचा शब्दकोश केला आणि ‘खानदेशातील कृषक जीवन सचित्र कोश’ही सिद्ध केला. शेतकऱ्याच्या घरातली, खळ्यातली, शिवारातली वस्तू आणि तिचे बोलीतले नाव त्यात नोंदले. बैलगाडीच्या चाकाचा तुंबा, आरे, धाव, आख ही नावे विशीतल्या मुलांना आज विचारून पाहा. ट्रॅक्टर आला, रबरी टायर आले, आणि वस्तूबरोबर शब्दही चालले. एका माणसाने ते वेळेवर टिपले. सटाण्याचे डॉ. सुधीर देवरे यांनी ‘ढोल’ हे नियतकालिक अहिराणीत चालवून दाखवले. पश्चिम पट्ट्यात कोकणा, मावची आणि भिल्ल बोली बोलल्या जातात, त्यांचे असेच काम अजून किती बाकी आहे!

म्हणून या मेळाव्यापुढे चार मागण्या ठेवल्या आहेत. पुढच्या वर्षी सकाळचे पहिले सत्र ज्ञानग्रंथांचे असावे आणि त्यात लेखकाबरोबर शेतकरी, परिचारिका, वनरक्षक, शिक्षक असे वाचक बोलावेत. तालुक्यातल्या ग्रंथालयांनी यंदाच्या खरेदीतला किमान तिसरा हिस्सा इतिहास, विज्ञान, शेती, चरित्र आणि भाषा यांवर खर्च करावा आणि यादी दारावर लावावी. प्रत्येक शाळेत विश्वकोश उघडून एक नोंद वाचण्याचा तास आठवड्यातून एकदा व्हावा. आणि फड व रानभाज्या या दोन विषयांवरच्या पुस्तकांसाठी वर्गणी आजच सुरू व्हावी, लेखनाची जबाबदारी कोणाकडे तेही आजच ठरावे. ज्यांना हे मान्य नसेल त्यांच्यासाठी दुपारचे पहिले सत्र मोकळे ठेवले आहे. त्यांनी पुरावे घेऊन यावे, उत्तर द्यायला अध्यक्ष मंडपात हजर असतील.