रंग सालीचा, गोडी गराची

(फळपिकांतील रंगद्रव्यांचे विघटन या विषयावरील वरूड येथील परिषदेतले स्वागताध्यक्षीय भाषण)



वरूडच्या भूमीत आपणा सर्वांचं मनापासून स्वागत करतो. फळझाडांतली रंगद्रव्यं मोडणारी जनुकं आणि विकरं, म्हणजे एन्झाइम्स, या विषयावरची परिषद एखाद्या महानगरात भरवणं सोपं होतं. ती संत्र्याच्या पट्ट्यात, तीही आंबिया बहाराची तोडणी चालू असताना भरावी, असा आग्रह स्वागत समितीने धरला. आयोजकांनी तो मानला, याबद्दल त्यांचे आभार.

सातपुड्याच्या पायथ्याचा हा मुलूख. इथली काळी जमीन, जंभेरीवर बांधलेली कलमं आणि पिढ्यान्‌पिढ्यांचे कष्ट यांवर वरूड-मोर्शीची ओळख उभी आहे. स्वतंत्र भारताचं कृषिमंत्रिपद भूषवणारे डॉ. पंजाबराव देशमुख याच अमरावती जिल्ह्याचे. नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचाही आम्हाला अभिमान आहे. पण मानांकन मिळालेलं हे फळसुद्धा मंडईत आधी रंगावरच पारखलं जातं, आणि आजचा विषय आमच्या घराशी येऊन भिडतो तो इथेच.

नोव्हेंबरातलं आमच्या झाडावरचं आंबिया बहाराचं एक संत्रं हातात घ्या. खालच्या बाजूने ते पिवळसर झालेलं असतं, देठाकडे मात्र हिरवं. साल सुटायला लागलेली, फोडी रसाने भरलेल्या. रस रिफ्रॅक्टोमीटरवर ठेवला तर साखर पुरेशी भरलेली दिसते, आंबटपणाही उतरलेला असतो. फळ खायला तयार आहे. पण व्यापारी बागेत येतो, देठाकडचा हिरवा पट्टा बघतो आणि म्हणतो, "अजून रंगावर नाही आलं." तिथेच हजार फळांमागचा भाव खाली येतो. मृग बहाराचं फळ थंडी सोसून फेब्रुवारी-मार्चमध्ये निघतं, त्याला ही अडचण कमी. आंबियाच्या फळात मात्र गर पुढे जातो आणि साल मागे राहते.

असं का होतं, याचं उत्तर आपण शास्त्रज्ञांनी दिलं आहे. संत्रं हे आंबा-केळ्यासारखं तोडल्यावर पिकणारं फळ नव्हे. त्याची गोडी झाडावरच भरते, तोडल्यावर वाढत नाही. सालीतलं हरितद्रव्य मोडण्याचं काम मात्र स्वतंत्रपणे चालतं, आणि त्याला रात्रीचा गारवा लागतो. दिवसाचं ऊन आणि थंड रात्री असा मेळ बसला की साल झपाट्याने रंग धरते. रात्री उबदार राहिल्या की गोड फळही हिरवंच दिसतं. म्हणून उष्ण कटिबंधातल्या कितीतरी देशांत लोक हिरव्या सालीची संत्री आवडीने खातात. व्हॅलेन्सिया जातीचं फळ तर झाडावर नारिंगी झाल्यावरही ऊब वाढली की पुन्हा हिरवट होतं.

हरितद्रव्याचं हे मोडणं किती शिस्तीचं असतं, हे माझ्या बागायतदार मित्रांना आज जरूर ऐकायला मिळेल. हरितद्रव्याच्या मध्यभागी मॅग्नेशियम असतं. ते काढून घेणारं एक विकर, शेपटी तोडणारं दुसरं, कडं फोडणारं तिसरं. शेवटी उरतात ते रंगहीन तुकडे, आणि पेशी ते आपल्या रिक्तिकेत नेऊन ठेवते. झाड एवढा खटाटोप करतं, कारण प्रथिनांपासून सुटं झालेलं हरितद्रव्य उजेडात पेशीलाच जाळतं. कडं फोडणारं विकर निकामी झालेल्या मक्याच्या पानांवर मेलेल्या पेशींचे डाग पडतात. यातली पहिली पायरी चालवणारं जनुक तर मेंडेलच्या वाटाण्यातलं आहे. पिवळ्या आणि हिरव्या दाण्यांचा तो प्रसिद्ध फरक याच जनुकामुळे पडतो, हे २००७ मध्ये उलगडलं. ते जनुक मॅग्नेशियम काढणारं विकर तयार करतं, हे सिद्ध व्हायला २०१६ साल उजाडलं.

दुसऱ्या पायरीची कथा आमच्या अधिक जवळची आहे. शेपटी तोडणाऱ्या क्लोरोफिलेज या विकराचं जनुक १९९९ मध्ये दोन ठिकाणी हाती लागलं. जपानी संशोधकांना ते मिळालं चाकवतात, आपल्या ताकातल्या भाजीच्या त्याच चाकवतात. इस्रायलच्या संशोधकांना मिळालं इथिलीन वायू दिलेल्या संत्र्याच्या सालीत. पुढे अरबिडोप्सिस या प्रयोगशाळेतल्या लाडक्या रोपात दिसलं, की क्लोरोफिलेज नसलं तरी पानं पिवळी होतातच. तिथे हे काम फिओफायटिनेज नावाचं वेगळंच विकर करतं, हे २००९ मध्ये कळलं. टोमॅटोत आणखी निराळं चित्र निघालं. तिथे हे नवं विकर कमी केलं की पानं हिरवी राहतात, पण फळाचा हिरवेपणा उशिरा का होईना, जातोच. लिंबूवर्गीय सालीत क्लोरोफिलेज खरोखर कामाला लागतं, याचे पुरावे मात्र भक्कम आहेत.

मित्रहो, माझं आजचं सगळं म्हणणं यातच आहे. पानाचं उत्तर फळाला लागू पडत नाही आणि एका फळाचं उत्तर दुसऱ्याला पुरत नाही. मग परदेशातल्या व्हॅलेन्सियाचं उत्तर वरूडच्या आंबियाला कसं पुरेल? आमच्या फळाचा अभ्यास आमच्याच झाडावर, आमच्याच हवेत व्हायला हवा. नागपूरची केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आणि अकोल्याचं कृषी विद्यापीठ जवळच आहेत. बागा आम्ही देतो, फांद्यांना खुणेच्या चिठ्ठ्या बांधायलाही आम्हीच येतो. कोणत्या आठवड्यात कोणतं जनुक जागं होतं आणि रात्रीचं तापमान किती उतरल्यावर, एवढं आम्हाला कळू द्या.

नुसता हिरवा रंग जाऊन भागत नाही. संत्र्याच्या सालीतली लालसर झाक ही कॅरोटिनॉइडचे रेणू कापणाऱ्या विकराची करणी असते. त्या कापण्यातून बीटा-सिट्रॉरिन हे लालसर रंगद्रव्य तयार होतं. पीच फळात त्याच कुळातलं विकर पिवळं द्रव्य मोडून गर पांढरा करतं. म्हणजे मोडण्यातूनही रंग जन्म घेतो. नागपुरी संत्र्याच्या सालीत हा तोल कसा राखला जातो, हा या परिषदेपुढचा मोलाचा प्रश्न आहे.

आणि जोवर उत्तरं येत नाहीत, तोवर इथिलीन कक्षाचा मार्ग आहे. हवेच्या दहा लाख भागांत एक ते पाच भाग इथिलीन, भरपूर आर्द्रता आणि साठलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर काढण्याची सोय, एवढ्यावर साल रंग धरते. पण प्रमाण चुकलं की देठाची चकती गळते आणि तिथूनच सड शिरते. फळं पिकवायला कॅल्शियम कार्बाइड वापरण्यावर आपल्या देशात कायद्याने बंदी आहे आणि ती योग्यच आहे, कारण त्यातून आर्सेनिक आणि फॉस्फरसचे विषारी अंश येतात. बागायतदार बंधूंनो, या विषाला आपल्या मालाच्या आसपासही फिरकू देऊ नका. आणि हेही ग्राहकांना ठासून सांगूया, की इथिलीन सालीचा रंग बदलतं, गराची गोडी नाही. कच्चं फळ रंगवून विकणं ही फसवणूक आहे, आणि पक्व फळाला हिरवट म्हणून नाकारणं हा अन्याय आहे.

म्हणून या दोन दिवसांकडून स्वागत समितीच्या तीन अपेक्षा आहेत. आंबिया बहाराच्या सालीवर इथल्या बागांत सलग अभ्यास सुरू व्हावा. बागायतदार गटांना परवडेल अशा लहान इथिलीन कक्षाची शिफारस व्हावी. आणि बाजार समित्यांनी रंगाबरोबर साखर-आम्लाचं प्रमाण तपासून भाव ठरवावा, असा ठराव या मंचावरून एकमताने व्हावा.

पाहुण्यांची उतरण्याची सोय गावातल्या घरांत केली आहे. संध्याकाळी मंडळी बागेत येतील, तेव्हा आमच्या शेतकऱ्यांना मोकळेपणाने विचारा आणि त्यांच्या प्रश्नांनाही तितक्याच मोकळेपणाने उत्तरं द्या. सोयीत काही कमी वाटलं तर हक्काने सांगा.

पुन्हा एकदा सर्वांचं स्वागत करतो आणि उद्घाटकांना परिषदेचं उद्घाटन करण्याची विनंती करतो.

जय हिंद, जय महाराष्ट्र!