समाधान झाले, असे कोणी म्हणावे?



कुटुंबनियोजनावर बोलावयास युनियनचा माणूस कशाला, असे आपणांपैकी कित्येकांस वाटले असेल. डॉक्टरांचे ज्ञान आमच्यापाशी नाही. आमची शाळा सातवीत सुटली. पुढले शिक्षण युनियनच्या कचेरीत आणि वाचनालयात झाले. परंतु विडी कामगार बायांत इतकी वर्षे वावरल्यामुळे 'तक्रार नाही' या दोन शब्दांचा अर्थ आम्हांस चांगला कळतो. आजच्या विषयाचे मर्म तेथेच आहे.

दवाखान्यात कुटुंबनियोजनाची माहिती घेऊन निघालेल्या बाईला विचारतात, "समाधान झाले ना?" ती म्हणते, "झालं." कागदावर खूण होते. आता, मालकाच्या कारकुनासमोर आम्ही बाईला विचारले, "मजुरी बरोबर मिळते ना?" तर ती "मिळते" असेच म्हणणार. हजारातल्या किती विड्या वाईट म्हणून बाजूला काढल्या, हे ती घरी जाताना वाटेत सांगेल. दवाखान्यातही तेच. उद्या लेकराला टोचायला याच नर्सबाईकडे यायचे आहे. तिच्या तोंडावर 'समजले नाही' कोण म्हणेल? शिवाय जिला कुणी कधी 'बस' म्हटले नाही, ती दोन गोड शब्दांनीही संतोष पावते. तो तिचा चांगुलपणा झाला. मिळालेल्या शिक्षणाची ती पावती नव्हे.

आमच्यातल्या एका बाईने तांबी बसवून घेतली. पहिले काही महिने पाळीला अंगावरून जास्त जाऊ शकते, हे तिला कुणी सांगितले नव्हते. तसे होऊ लागताच तांबी पोटात वर चढली, असे तिच्या मनाने घेतले. तिने ती काढून टाकली आणि चाळीतल्या चौघींना भीती घातली. दवाखान्याच्या वहीत मात्र ती समाधानीच राहिली असेल! कसूर साधनाची नव्हती. न सांगितलेल्या एका वाक्याची होती.

सरकारी पाहणीतही हेच दिसते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, साधन वापरणाऱ्या स्त्रियांना त्याचे दुष्परिणाम कुणी सांगितले होते काय, असे विचारतात. 2015-16 साली निम्म्याहून कमी स्त्रियांना ते सांगितले गेले होते. 2019-21 साली हे प्रमाण सुमारे 62 टक्क्यांवर आले. सुधारणा आहे, नाही असे नाही. तरी शंभरातल्या अडतीस जणींना कुणी काही सांगितलेच नाही.

असे का होते? आम्हां कामगारांना याचे उत्तर लवकर सापडते. काम नगावर मोजले की हात घाई करतो. 1976-77 साली देशात सुमारे 82 लाख नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या, त्या उद्दिष्टांच्या दडपणाखाली. 1996 साली वरून ठरवून दिलेली उद्दिष्टे रद्द झाली. पण सवय गेली नाही. 2014 साली छत्तीसगडात बिलासपूरजवळच्या एका शिबिरात काही तासांत 83 स्त्रियांवर शस्त्रक्रिया झाल्या. त्यांतल्या कित्येक जणी दगावल्या. सर्वोच्च न्यायालयाने 2016 साली अशी शिबिरे तीन वर्षांत बंद करण्यास सांगितले. नर्सबाई आणि आशाताई यांना आम्ही दोष देत नाही. आशाताईंना तर पुष्कळसा मोबदला कामागणिकच मिळतो. त्याही आमच्याच जातकुळीच्या कामगार आहेत. त्यांना बोलावयास वेळ द्या, मग शिक्षणाची अपेक्षा करा.

याबाबत आपल्याकडे जुना आदर्श आहे. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी 1921 साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि 1927 पासून 1953 पर्यंत 'समाजस्वास्थ्य' चालविले. वाचक आपल्या अडचणी लिहीत आणि कर्वे आडपडदा न ठेवता उत्तर देत. तेथे प्रश्न विचारणाऱ्याचा असे. खरे शिक्षण तेथूनच सुरू होते. भिंतीवरच्या तक्त्यापासून नव्हे.

मग समाधान मोजावे कसे? आमची कसोटी साधी आहे. बाईला विचारू नका, 'बरे वाटले का?' विचारा, 'किती साधने सांगितली? त्रास झाला तर काय करायचे? कुणाकडे जायचे?' तिने आपल्या शब्दांत सांगितले, तर शिक्षण झाले. हे विचारणारी व्यक्ती दवाखान्याची नसावी आणि जवळ सासू किंवा नवरा उभा नसावा. आणि एक चौथा प्रश्न: 'नको म्हणाली असतीस, तर चालले असते काय?' जिथे 'नको' म्हणता येत नाही, तिथल्या 'हो'ला किंमत किती, हे कुठल्याही कामगाराला विचारा.

शेवटी बंधूंनो, दोन शब्द आपल्यासाठी. 2019-21च्या त्याच पाहणीत, लग्न झालेल्या शंभर स्त्रियांपैकी सुमारे 38 जणींची शस्त्रक्रिया झालेली आढळली. पुरुषाने करून घेतली, अशी जोडपी हजारात तीन. पुरुषाची शस्त्रक्रिया सोपी आणि कमी धोक्याची असूनही! दवाखान्याच्या बाकावर आपली बायको एकटी बसते, तोवर तिच्या समाधानाची चौकशी आपण कोणत्या तोंडाने करावी? पुढच्या खेपेस तिच्याबरोबर जा. तिचे बोलणे होईपर्यंत बाहेर थांबा, आणि नंतर नर्सबाईंना स्वतःविषयी विचारा.

एवढे सांगून आम्ही आपली रजा घेतो.